मुइक्कू ओ देत नाही

रात्री सव्वादोनला फोन आला:
मुइक्कू ओ देत नाही.

मुइक्कू म्हणजे आमच्या सरोवरातला बोटभर मासा,
राईच्या पिठात घोळवून तळतात तो.
पण हा मुइक्कू यंत्राच्या पोटातलं यंत्र.
काळ्या कपाटाएवढा मेनफ्रेम, आत बारा बिऱ्हाडं,
प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.
माशांची नावं काउकोनं ठेवली, वीसेक वर्षांपूर्वी.
ठेवताना हसला असेल की नाही, सांगता येत नाही.
काउको हसला तरी कळायचं नाही.

कायानीत उणे एकोणतीस.
इंजिनाला ऊब देणारी वायर भिंतीतून उपटली, निघालो.
साडेपाचला लाकडाचे ट्रक काट्यावर उभे राहणार,
काटा मुइक्कूला विचारणार, हा माल कुणाच्या जंगलातला,
आणि मुइक्कू गप्प.

कन्सोल उघडला. काळ्यावर हिरवी अक्षरं.
मुइक्कू जिवंत. नाडी चालू, डिस्कवर भरपूर जागा.
शेजारच्या हाउकीनं हाक मारली, लगेच ओ.
यानं हाउकीला मारली, तिकडूनही ओ.
उंबऱ्याच्या आत सगळं आलबेल.
उंबऱ्याबाहेरून मात्र
विहिरीत दगड टाकावा
आणि पडल्याचा आवाजच येऊ नये.

मी केबल बदलली.
मी नेहमीच केबल बदलतो, निदान हात तरी हलतात.
व्हर्च्युअल स्विच पाहिला: परवानगी आहे.
नेटमास्क बोटांवर मोजला, दोनदा.
कपाटाच्या दाराला चिकटवलेला पिवळा कागद,
अडलं तर कुणाला विचारायचं त्याची यादी,
सगळ्यात वर काउकोच्या घरचा नंबर.
फिरवला.
वाजत राहिला.
पाच मिनिटांनी पुन्हा फिरवला.
मग आणखी एकदा.

चारला रायली आली, कोटाखाली झोपायचे कपडे.
म्हणाली, बाहेरून हाका काय मारत बसलायस?
त्याला काय ऐकू येतंय, ते ऐक.

ऐकलं.
बाहेरची हाक पोचत होती. एकूण एक.
उत्तरही तयार होतं,
फक्त ते कुणाच्या हाती द्यायचं, एवढंच अडलं होतं.
एक वाजल्यापासून, सेकंदाला एकदा,
मुइक्कू घरभर विचारत होता:
दहा-चव्वेचाळीस-सात-एक कोण?
दहा-चव्वेचाळीस-सात-एक कोण?

दहा-चव्वेचाळीस-सात-एक
बाहेर पॅसेजमध्ये होता.
योउनीच्या माणसांनी रात्री काढलेला जुना राउटर,
शेपटी गुंडाळून भिंतीशी ठेवलेला,
आणि त्याच्यावर मघाशी मीच
वाळत घातलेले बूट.

नवा राउटर दोनशे चोपन्न.
बदलाची सूचना सगळ्यांना गेली होती.
बांधकाम खात्याला, कँटीनला, रात्रीच्या पहारेकऱ्यालासुद्धा.

रायलीनं एक ओळ लिहिली. जुना दरवाजा पुसला, नवा लावला.
क्षणभर काहीच नाही.
मग पडद्यावर साठलेली उत्तरं भराभरा खाली,
शाळा सुटल्यासारखी.
काट्यावर पहिला ट्रक आला: बर्च, बेचाळीस टन,
मालक सापडला.

कॉफी ओतताना तिनं पिवळ्या कागदाकडे पाहिलं.
काउकोला फोन केलास?
तीनदा, मी म्हणालो. उचलत नाही.
तिनं कप खाली ठेवला.
तिथं आता कोणी नाही, एएतु. नोव्हेंबरपासून.

नोव्हेंबरात मी रजेवर होतो.
मला कुणी

खिशात पेन होतं. काढलंही.
असू दे, रायली म्हणाली.

मग हाउकी उघडला. त्याला रात्री कुणी काही विचारत नाही,
म्हणून कळलं नव्हतं.
तोही विचारतच होता.
अजून अकरा मासे,
आणि बूट ओलेच.